स्ट्रायकरचा गुडघा

आमची वसईकरांची फुटबॉल टीम दर रविवारी दुबईत अल क्वोजच्या टर्फवर खेळते. पुढच्या सीझनला आमच्या स्ट्रायकरला ठेवायचं की नाही, हे ठरवायला सगळे माझ्या फ्लॅटवर जमले होते. मी टीमचा मॅनेजर, आणि माझं मत पक्कं होतं: नको. त्याचा गुडघा कधीच गेला होता. गोल मारण्यापेक्षा लंगडणं लपवण्यातच तो जास्त दमायचा. बाकीचे म्हणत होते, त्याच्याशिवाय टीम कसली? मी चिडून म्हटलं, "मग त्याचा फोटो उभा करा मैदानात."

तेवढ्यात तो स्वतःच आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"अंकल, गुडघा एकदम फिट आहे," तो मला म्हणाला. "दुखणं खलास. यल्ला, चला, मीटिंग सुरू करा."

आमची मीटिंग प्रार्थनेने सुरू होते, तीही गुडघे टेकून, गावी घरच्या रोझरीला टेकतो तसे. बोलण्याच्या भरात तो हे विसरला असावा. सगळे टेकले. जरा वेळ उभा राहून तोही टाइल्सवर टेकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

नमो मरियाची प्रार्थना संपली. कुणीच उठलं नाही, कारण त्याला उठता येत नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. हट्टी लेकाचा, मी मनात म्हटलं, आणि डोळे मिटून पुन्हा नमो मरिया सुरू केली. सगळ्यांनी साथ दिली. मग आणखी एकदा.

पुन्हा सुरू करणार, तोच तो हळूच म्हणाला, "पुरे, अंकल. हात द्या."