पावण्यांसाठीचं पाणी

परवा कबनूरला जाऊन आलो… तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. मी कोल्हापुरात इंजिनिअरिंग कॉलेजला पर्यावरण शिकवतो. पाण्याचे नमुने घ्यायचे, तपासायचे आणि वर्गात घसा कोरडा करायचा, हेच काम.

तिथल्या ओढ्याकाठच्या एका घराच्या बोअरचं पाणी मागं तपासायला आणलं होतं. ओढ्यातून कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी वाहतं, ते जमिनीत मुरतं. रिपोर्ट वाईट आला. म्हटलं, फोनवर कसलं सांगतोय, समक्षच जावं.

त्या घरच्या मावशींनी दारातच "या की सर, बसा" म्हणत तांब्या-भांडं पुढं केलं. आणि मी… "नको, आत्ताच प्यायलोय." रिपोर्ट बॅगेत होता ना! हात पुढं होईना.

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि माझं आडनाव त्यांना ठाऊक. आपल्याकडं एखाद्या घरचं पाणी नाकारलं की त्याचा काय अर्थ होतो, हे मला कुणी शिकवायला नको. लाजेनं मेल्यासारखं झालं हो…

घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. मावशी, तसलं मनात काही नाही. तुमच्या बोअरचं पाणी प्यायच्या लायकीचं नाही, म्हणून नको म्हटलं.

मग मावशी म्हणाल्या, "अवो सर, ह्ये जारचं हाय. पावण्यांसाठी इकत आणतोय. बोअरचं आमीच पितो की!"

गुमान भांडं उचललं आणि प्यायलो. चांगलं, गार पाणी होतं.

आत त्यांची लेक बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. "उकळून प्यालं तर चालतंय न्हवं?" तिनं विचारलं. म्हटलं, नाही गं बाई, रंगातली केमिकल्स उकळून जात नाहीत. मावशींनी जार उचलला आणि तिच्याजवळ नेऊन ठेवला.

निघताना ती दारापर्यंत आली. "सर, मी आल्यापास्नं त्येच पितोय. बाळाला काय झालं नसंल न्हवं?"

इतकी वर्षं पाणी शिकवतोय. कुठला घटक किती चालतो, किती नाही, झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण तिच्या या प्रश्नाला "माहीत नाही गं," एवढंच खरं होतं, तेच बोललो. खोटा धीर देववेना.

उद्या रिपोर्ट घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात जातोय. मी पाणी नाकारलं तरी त्या घरानं मला सोबत यायला नाही म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार. डॉक्टर काय म्हणतील याची मात्र मला तिच्याइतकीच भीती वाटतेय…