दुपारचं बंद दार

आमच्या मजल्यावर दुपारी कुणी दार लावत नाही. उघड्या दारातून उन्हाचा एक पट्टा सोफ्यापर्यंत येतो आणि त्याच्यामागून समोरच्या शैलावहिनी. काल त्या पट्ट्याकडेच पाहत मी सांगून टाकलं, "सोमवारपासून दुपारी दार बंद असेल."

"का हो सुनंदाताई, आमचं काही चुकलं?"

एरवी मी डोकेदुखी पुढे केली असती. स्वतःसाठी काही हवं असलं की मला चोरी केल्यासारखं वाटतं, आणि पन्नाशीपर्यंत हे कुणाजवळ बोललेही नाही.

"कॉलेजचा लेखनाचा कोर्स घेतलाय, ऑनलाइन. अख्ख्या सहामाहीचा अभ्यास थोड्याच आठवड्यांत. मला लिहायचंय, वहिनी."

"एवढी घाई? गाडी सुटतेय की काय?"

"सुटतेय खरी. पण मी पकडणार."

आज सरावाला दार लावून बसले. बंद दार म्हणजे रुसवा नाहीतर आजारपण, एवढंच आम्हाला ठाऊक. त्याच्यामागे कुणी नुसतं सुखात असू शकतं, हे मला आत बसल्यावर कळलं. पहिलं वाक्य जुळत होतं. बाहेर कुरियरवाल्याची पावलं थांबली, आणि लगेच वहिनींचा दबका आवाज आला.

"बेल नका वाजवू हो. आमच्या सुनंदाताई लिहितायत."