तीन आडनावांचं घर

त्या मुलीचा चेहरा आठवला की आजही माझी झोप उडते.

मी तेव्हा सोलापूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. टपालात एक निनावी अर्ज आला. हद्दीतल्या एका मुलीची पोलीस भरतीत राखीव जागेवर निवड झाली होती. तिच्या वडिलांनी जातीच्या पुराव्यासाठी परक्या माणसाचा शाळेचा दाखला मुलीच्या आजोबांचा म्हणून जोडलाय, असं अर्जात लिहिलं होतं. मुलीला हजर व्हायला दहा दिवस उरले होते आणि तोवर माझा अहवाल वर जायचा होता.

कागद मागवले. पणजोबा कुरुबर, आजोबा मेंढके, बाप आणि मुलगी माढेकर. एका घरात तीन आडनावं! आमच्या खात्यात अशा माणसाकडे आधी गुन्हेगार म्हणूनच बघतात. मीही तसंच बघितलं.

बापाला बोलावलं. यंत्रमागावर काम करणारा, हडकुळा माणूस. सकाळी हजेरी झाली की त्याला बाकावर बसवायचं आणि मधूनमधून आत घेऊन तेच तेच विचारायचं, ही आमची नेहमीची पद्धत. खोटं बोलणारा तिसऱ्या फेरीला घसरतो. हा घसरेना.

"आडनाव का बदललं?"

"आमी न्हाय बदललं साहेब. आजा अक्कलकोटाकडं मेंढरं राखायचा तवा कानडीत कुरुबर म्हणायचे. बाप माढ्याला शाळेत गेला, मास्तरांनी त्याचंच मेंढके लिवलं. हितं आलो तर माढ्याचे म्हणून माढेकर. ज्यानं लिवलं त्यानं बदललं."

"पुरावा?"

त्यानं दाराकडं बघितलं. त्याची बायको दारातून म्हणाली, "आमचा हेळवी हाय की साहेब. त्याला इचारा."

हेळवी म्हणजे सीमेपलीकडून बैल घेऊन येणारा, घरोघरी त्या घराची वंशावळ गाऊन दाखवणारा आणि धान्य घेऊन जाणारा माणूस. मी हसलो. "बाई, हे पोलीस ठाणं आहे. इथं गाणी चालत नाहीत."

असे चार दिवस गेले. मी चिडचिडा झालो होतो. माणूस खरा वाटत होता आणि कागद खोटे. पाचव्या दिवशी आमचा अक्कलकोटचा हवालदार चाचरत म्हणाला, "साहेब, त्यांच्याकडं वही असती. लई जुनी."

लगेच जीप काढली. तरी हेळव्याला गाठायला तीन दिवस लागले, तो गावं फिरत होता. अक्कलकोटजवळच्या एका वस्तीवर तो सापडला. त्यानं कापडात बांधलेली वही सोडली आणि कानडी-मराठीत सात पिढ्या म्हटल्या. कोण कुठं गेला, कुणाची सोयरीक कुठं झाली, सगळं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या पणजोबांचं नाव काय, साहेब?" मला सांगता आलं नाही. चांगलाच ओशाळलो.

वहीत मूळ गावाचं नाव होतं. तहसीलच्या जुन्या दप्तरात त्या गावच्या वारस नोंदीत आजोबांचं नाव निघालं, कुरुबर म्हणून, माढ्याला गेल्याच्या शेऱ्यासकट. माढ्याच्या शाळेतला मेंढके तोच होता; दाखला खरा होता. पण नक्कल हातात पडेस्तोवर आणखी चार दिवस गेले आणि मुदत टळली. प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या मुलीला जागा मिळाली. मी वर पत्रं लिहिली, फोन केले. काही उपयोग झाला नाही. अर्ज कुणी केला, तेही कळलं नाही.

सांगायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. मी मुलीला म्हणालो, "पुढच्या भरतीचा फॉर्म भर, मी मदत करतो."

ती म्हणाली, "आई पयल्याच दिवशी बोलली होती, साहेब. तुमी हसला. बाबांना त्या बाकावर बसलेलं मी रोज बघितलंय. मला न्हाय व्हायचं पोलीस."

चौकशी म्हणजे समोरच्याला बोलतं करणं, असं मला शिकवलं होतं आणि मी पुढे कित्येकांना तेच शिकवलं. न विचारता दारातून कुणी सांगत असेल, तर तेही ऐकून घ्यावं लागतं, हे मला त्या घरानं शिकवलं. त्याची किंमत मात्र त्या मुलीनं मोजली. ती पुढं काय करते, हे विचारायला त्या गल्लीत जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.