पाहणीच्या दिवशीचा कोट

प्रतिभाताईंचा पारा चढायला फार काही लागत नाही. पण त्या दिवशी चामटोली गावात त्यांनी भोईरांच्या उंबऱ्यातच कपाळाला हात लावला.

त्या लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. अंबरनाथहून स्कूटरवर गावोगाव फिरतात आणि माजी सैनिकांच्या घरी सांगतात, की अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी एका संस्थेकडून घरी मदतनीस मिळते, व्यायाम करून घ्यायला माणूस येतो, ड्रेसिंगही घरीच होतं. अर्ज त्या स्वतः भरून देतात. मग संस्थेचा डॉक्टर घरी येऊन पाहणी करतो, आणि तिथेच माशी शिंकते.

कारण साहेब येणार म्हटलं की ही मंडळी परेडला निघाल्यासारखी नटतात! हवालदार अनंता भोईरांना लकवा होऊन तीन वर्षं झालेली, डावी बाजू पार गेलेली. तरी आदल्या महिन्यातल्या पाहणीला बायकोने, मोतीबाईंनी, त्यांची दाढी केली, पदकांचा कोट चढवला, उशांचा टेकू देऊन खुर्चीत ताठ बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास?" हवालदार गरजले, "नो प्रॉब्लेम, सर!" मोतीबाईंनीही री ओढली. डॉक्टर चहा प्यायले आणि 'गरज नाही' असं लिहून गेले.

त्या दिवशी प्रतिभाताईंनी हातापाया पडून डॉक्टरांना पुन्हा आणलं होतं. दाढी नको, कोट नको, असं मोतीबाईंना दोनदा फोनवर बजावलं होतं. आणि समोर तोच कोट, तीच खुर्ची.

"मावशी, मी काय सांगितलं होतं?"

"त्यांना तसा कसा ठेवू, बाय? मोठा मानूस येतो घरी."

मोतीबाई सत्तरीच्या. नवऱ्याला उचलताना कमरेत उसण भरलेली, भिंत धरून चालत होत्या. ते डॉक्टरला दिसत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. प्रतिभाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या ताठ मानेपायी बायका मरतात, आणि सगळे त्या ताठ्याला इज्जत म्हणतात!

डॉक्टरांनी तब्येत विचारली.

"नो प्रॉब्लेम, सर!"

"मावशी," प्रतिभाताई कडाडल्या, "यांना खाटेवर न्या. रोज नेता तसं."

"आता? सायेबांसमोर?"

"आत्ताच."

मोतीबाईंनी नवऱ्याच्या काखेत हात घातले आणि त्याचा सगळा भार अंगावर घेतला. अर्ध्या वाटेत त्या कळ येऊन विव्हळल्या. डॉक्टर मदतीला उठले.

"तुम्ही बसा. नीट बघा," प्रतिभाताई म्हणाल्या. स्वतःचा हात पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी मुठी आवळल्या होत्या. स्वतःचाही त्यांना राग आला होता.

खाटेवर टेकेपर्यंत मोतीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या तिथेच जमिनीवर बसल्या, कमर धरून. हवालदार कितीतरी वेळ बायकोच्या डोक्याकडे बघत राहिले.

"सर," शेवटी ते म्हणाले, "माझा नाय, हिचा तरास लिवा. ही मरंल माझ्यापायी."