बाईंचा तळहात

चित्रांचं पुस्तक उघडलं की आमच्या अंगणवाडीच्या बाई खालच्या अक्षरांवर तळहात ठेवायच्या आणि विचारायच्या, "काय दिसतंय?" पोरं काहीही सांगायची. म्हशीला कुणी हत्ती म्हटलं तरी बाई म्हणायच्या, "असं व्हय? मग पुढं?" अशी बाई तुम्ही बघितली असेल तर नशीबवान आहात.

मी गडमुडशिंगीचा. उभा जन्म गुऱ्हाळात गूळ करणारा गुळव्या म्हणून गेला. नुसत्या फेसावरनं उकळत्या रसाची काहील कधी उतरवायची ते सांगायचो, शेजारच्या गावांतनंही बोलावणं यायचं. शाळा दुसरीपर्यंत. सही येते, पुढचं विचारू नका.

नातीला सोडायला जायचो. एकदा ती सगळ्यांपुढं म्हणाली, "बाई, आमचा आबा वाचतोय की!" घरी ही फुशारकी मीच मारलेली. बाईंनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. समोर पंधरा पोरं, माझ्याकडं बघत. तेवढ्यात बाईंचा तळहात अक्षरांवर आला.

"काय दिसतंय, आबा?"

मी भडकलो. बाईनं आपलं बिंग ओळखलं, असं वाटलं. "हात काढा. मला येतंय."

"मलाबी येतंय की! पण ह्या पोरांना कुठं येतंय? त्यांच्यासाठी सांगा."

मग चित्र बघितलं. भली मोठी काहील, खाली जाळ, लांब दांड्यानं ढवळणारा माणूस. "अरं, हा तर गुळव्या!" आणि सुटलोच. उसाचा रस, वर येणारी मळी, घट्ट होणारा पाक, सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "आबा, गरम हाय?" म्हटलं, "फुंकर मार." सगळी पोरं पुस्तकावर फुंकायला लागली. बाईसुद्धा.

त्या दिवसापासनं बाई वेशीत दिसल्या तरी हाक मारायच्या, "आबा, उद्या काहील पेटवायची हाय. या!" मी धुतलेलं धोतर नेसून जायचो. दोन वर्षं एकही काहील करपू दिली नाही.

गेल्या साली बाई निवृत्त झाल्या, लेकीकडं गेल्या. जाताना ते पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे तुमचं."

नात आता दुसरीत, म्हणजे माझ्याएवढी शिकलेली. परवा मी अंगणवाडीतल्या पोरांपुढं तेच पुस्तक उघडून, अक्षरांवर हात ठेवून बसलो, तर शाळा सुटून आलेली ती म्हणाली, "आबा, हात काढ की." आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "आचारी मामा लग्नाचा भात शिजवतात."

मी पान उलटायला गेलो.

"आबा, तुला वाचता येत न्हाय?"

"न्हाय," म्हटलं. जन्मात पहिल्यांदा म्हटलं.

"बाईंना म्हाईत होतं?"

"व्हय. बाईंना वाचता येत होतं."

"मग गुळव्या खोटा?"

"खोटा कशानं? भाताला एवढा फेस येतोय व्हय? लिहिणारा चुकलाय."

आणि तळहात परत ठेवला. काहिलीनं भाजलेला, बाईंच्या दुप्पट रुंद. सगळी ओळ झाकली जाते.

"काय दिसतंय रं पोरांनो?"