पत्रात नसलेलं वाक्य

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं ओशाळल्यासारखं होतंय, कारण इथलं काही वाचलं की मैत्रिणींना सांगणारी मीच होते — "याची झोप अपुरी होती", "हिला भास झाला". मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय. उमरखेडजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. अंगात येणं, बाहेरचं लागणं असला विषय घरात निघाला की मी इतका वाद घालायची की आई ताट पुढे सरकवून म्हणायची, "जेव वं आधी, मंग शिकव आमाले."

म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारून लिहितेय, पण नावं बदललीत. तुरुंग कोणता तेही सांगत नाही.

मी कॉग्निटिव्ह ॲनॅलिटिक थेरपीचं ट्रेनिंग घेत होते. नावाची आद्याक्षरं जोडली की 'कॅट' होतं, त्यामुळे बाबा गावात सांगायचे, "पोट्टी मांजरीचं शिकून राह्यली." शिकवणारे सर पुण्याचे, वर्ग ऑनलाइन, आणि प्रत्यक्ष काम आपल्या भागात करायचं. मला तुरुंगातल्या कैद्यांसोबत काम करायची परवानगी मिळाली.

या पद्धतीत असं मानतात की माणूस लहानपणी ज्या प्रकारच्या नात्यात वाढतो, त्याच्या दोन्ही बाजू पुढे आलटून पालटून जगत राहतो. ज्याचा फार अपमान झाला, तो कधी मान खाली घालून ऐकून घेतो आणि कधी तोच दुसऱ्याला चिरडतो. हे सगळं समोरच्या माणसासोबत बसून कागदावर नकाशासारखं काढायचं. आणि तीन-चार भेटी झाल्या की त्याला एक पत्र लिहायचं, त्याच्या आयुष्याबद्दल, आणि ते त्याच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचं.

या पत्राबद्दल सर फार कडक होते. "त्यात त्यानं सांगितलेलंच हवं. तुझ्या कल्पनेतलं एक वाक्य जरी घुसलं ना, तर तू त्याचं आयुष्य चोरलंस असं समज."

माझ्याकडे आलेला माणूस म्हणजे मारोती. वय चाळीसच्या आसपास. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात एका डाळ मिलमध्ये हमाल होता. सात वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी, संतोष नावाच्या सोबतच्या हमालानं सगळ्यांसमोर त्याची टिंगल केली. मारोती त्याच्या मागे गोदामामागे गेला आणि डोक्यात लोखंडी सळई घातली. संतोषचा तिथेच जीव गेला. सदोष मनुष्यवधाची शिक्षा. आता सुटायला दोन महिने उरले होते. म्हणून आमच्या भेटीही आठच ठरल्या.

तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "सुटलो का पहिले गजाननच्या घरी जाईन."

गजानन म्हणजे मिलचा मुकादम. कोर्टात साक्ष त्याची होती.

"कशाला जाणार?" मी विचारलं.

"तुमाले कायले पाह्यजे? खोटं बोलला तो. सात वर्सं मी ते खोटं घेऊन झोपून राह्यलो."

"काय खोटं बोलला?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

घरी येऊन निकालपत्राची प्रत पुन्हा वाचली. गजाननची साक्ष छोटीच होती — आपण पोचलो तेव्हा संतोष गेलेला होता, आणि मारोती त्याला तसाच टाकून, मागे वळूनही न पाहता पळताना दिसला. यातलं खोटं काय, मला कळेना. मारल्याचं तर मारोती स्वतःच कबूल करत होता.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "एखाद्याच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता संपते, हे तू पहिल्याच भेटीत त्याला सांगितलंयस. पुढच्या भेटीत पत्र वाच आणि मग सरळ विचार. उत्तर तेच आलं, तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी द्यायचं."

लेखी दिलं तर त्याची सुटका लांबली असती. नाही दिलं आणि तो खरंच गेला असता, तर... गजाननला दोन मुली होत्या. त्या आठवड्यात रात्र रात्र मी निकालपत्रच उलटत बसले.

पत्र मी हातानं लिहिलं. चार पानं. सरांना फोटो पाठवले, त्यांनी दोन शब्द बदलायला सांगितले, मी बदलले आणि पुन्हा फोटो पाठवले. तुरुंगाच्या गेटवर राठोड काकांनी — म्हणजे आमच्या खोलीच्या दाराशी बसणारे शिपाई — चारही पानं मोजून प्रत्येकावर सही केली. हे इतकं बारीक सांगतेय, कारण पुढे मी हे शंभर वेळा तपासलंय.

दुपारचे अडीच वाजले होते. वाचनालयाची खोली, मधे टेबल, उघड्या दाराशी स्टुलावर राठोड काका. मी वाचायला लागले. पहिली दोन पानं त्याच्या बालपणाची. तो खाली मान घालून नखं कुरतडत ऐकत होता. तिसऱ्या पानावर मिल आली, ती टिंगल आली, सळई आली. मी वाचलं — "त्या क्षणी तुम्हाला वाटलं की आता तरी हा हसायचं थांबेल." हे त्याचंच वाक्य होतं. आणि त्याच्याच पुढे मी वाचलं —

"तो पडल्यावर तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीच्या टोपणानं त्याला पाणी पाजलं. तिसरं टोपण त्याच्या ओठांतून परत आलं."

मी अडखळले नाही. ते वाक्य मला दिसत होतं, माझ्याच अक्षरात. माझं बोट त्या ओळीखाली होतं. मी सरळ पुढच्या परिच्छेदावर गेले.

खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला.

मारोती उभा होता. चेहरा राखेसारखा. "कोणं सांगतलं?"

"काय?"

"पान्याचं कोणं सांगतलं तुमाले? माह्या घरी गेलत्या का तुमी? त्या गजाननकडं गेलत्या?" त्यानं टेबलाच्या कडा धरल्या होत्या आणि टेबल हलत होतं. "बोला ना! म्या वकिलाले नाई सांगतलं. बायकोले नाई सांगतलं. कोणालेच नाई!"

राठोड काका आत आले. "मारोती, बस खाली. बस म्हन्तो ना."

"काका, इले विचारा ना!"

सरांनी शिकवलेलं एकही वाक्य आठवेना. एवढंच सुचलं की आपल्याकडून भयंकर चूक झालीय, त्यानं न सांगितलेलं काहीतरी आपण पत्रात लिहिलंय. मी पान त्याच्यापुढे सरकवलं. म्हटलं, "मी कोणाकडे गेले नाही. हे बघा. हे इथं कसं आलं, मला माहीत नाही."

तो सातवी शिकलेला. त्यानं पान उचललं आणि बोट फिरवत, ओठ हलवत वाचत गेला. बराच वेळ लागला. मग त्यानं मान वर केली.

"कुठं हाये?"

मी पान ओढून घेतलं. "...हसायचं थांबेल." आणि लगेच पुढचा परिच्छेद. मधे काही नव्हतं. खाडाखोड नाही, रिकामी जागा नाही. खाली राठोड काकांची सही.

"काका," मी विचारलं, "तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं न बेटा. तीन टोपणं म्हनली तू." ते पानाकडे बघत होते, पण हातात घ्यायला काही तयार नव्हते.

मग मारोती खाली बसला. खुर्चीवर नाही, फरशीवरच. आणि सांगायला लागला, माझ्याकडे न बघता.

"पडल्यावर मले पानी मागतलं त्यानं. 'दादा, पानी.' आत्ता शिवी देऊन राह्यलता, अन् दादा म्हने. बाटली तोंडाले लावली तर सांडून जाय, म्हनून टोपनानं पाजलं. दोन टोपनं पेला. मंग कोनाच्या तरी चपलांचा आवाज आला, अन् मी बाटली तिथंच ठेवून भित्तीवरून पळालो." तो थांबला. "जेलात एकानं सांगतलं, डोक्स्याले मार लागलेल्याले पानी पाजाव नाई, मरते. तवापासून मले एकच वाटते मॅडम. सळईनं नाई मेला तो. माह्या पान्यानं मेला."

आता मला कळलं की गजाननचं कोणतं खोटं तो सात वर्षं उराशी धरून होता. 'मागे वळूनही पाहिलं नाही.' आणि ते खोडायचं तर पाण्याचं सांगावं लागलं असतं.

"तीन नाई, पन," तो हळूच म्हणाला. "दोनच. तिसऱ्याचं तुमी कुठून काढलं?"

खरं सांगते, हे ऐकून मला सुटल्यासारखं झालं. एक तपशील चुकला होता! म्हणजे हे माझ्याच मनानं रचलेलं. थकवा, ताण, आठवडाभराची अपुरी झोप... मे महिना, मरणारा माणूस, पाणी — जुळवायला काय लागतं? सरांनीही तेच सांगितलं, पण आधी दोनदा विचारलं, "तू त्याच्या घरच्यांना भेटली नव्हतीस ना? मला खरं सांग." माझ्याकडचा फोटो, त्यांच्याकडचा फोटो, दोन्ही आम्ही मोठे करून पाहिले. वाक्य नव्हतं.

त्या दिवशी गजाननबद्दल सरळ विचारायचं राहून गेलं. पाचव्या भेटीआधी मी निकालपत्रातला शवविच्छेदनाचा उतारा यवतमाळच्या एका डॉक्टरांना, नाव झाकून, दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "कवटीला एवढा मार असताना दोन टोपणं पाण्यानं काहीही फरक पडला नसता. ना वाचायला, ना मरायला."

मी ते मारोतीला शब्दशः सांगितलं. तो हमसून हमसून रडला. नंतर त्यानंच विचारलं, "म्हंजे सळईनंच?"

"हो," मी म्हटलं. "सळईनंच."

हे म्हणणं मला फार जड गेलं. पण त्यानं मान हलवली, जणू कोणीतरी त्याच्या हातात त्याचीच वस्तू परत दिली होती.

मग मी गजाननचं विचारलं. तो म्हणाला, "लिहा मॅडम. जातो म्हन्लो होतो, ते लिहा. आता मारनार नाई म्हन्तो, तेबी लिहा. पन जाईन मी. त्याले पान्याचं सांगाले जाईन."

मी दोन्ही लिहून दिलं. अधीक्षकांनी त्याला बोलावून समज दिली, गजाननलाही पोलिसांकडून निरोप गेला. सुटका ठरल्या दिवशीच झाली.

आमच्या पद्धतीत शेवटच्या भेटीनंतर तीन महिन्यांनी आणखी एक भेट असते. ते तीन महिने कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी पेपर आला की आधी जिल्ह्याचं पान उघडायची. बातमी नसली की चहा घ्यायची. शेवटी राहवलं नाही, राठोड काकांना फोन केला. ते म्हणाले, "काई आयकू नाई आलं बेटा. आयकू नाई आलं म्हंजे चांगलंच असन."

ठरलेल्या दिवशी मारोती आला. यवतमाळला, कॉलेजच्या समुपदेशन खोलीत, इस्त्रीचा शर्ट घालून. पाणी दिलं तर ग्लास हातातच धरून बसला.

"गेलतो गजाननकडं," तो म्हणाला. "मले पाह्यल्याबरोबर पोरी आत कोंडल्या त्यानं. म्या अंगनातूनच सांगतलं, मारत नाई बावा, आयकून घे. पान्याचं सांगतलं. तर तो मानूस मटकन् खाली बसला मॅडम."

"का?"

"त्या चपला त्याच्याच होत्या. तो आला तवा संतोषचा जीव होता. बाजूले बाटली, टोपन काढलेलं. त्यानंबी पाजलं. एक टोपन. ते परत आलं, अन् संतोष गेला. मंग त्यालेबी कोनीतरी तेच सांगतलं, पानी पाजाव नाई म्हनून. भेला तो. म्हनून कोर्टात म्हने, आलो तवा मेलेलाच होता."

दोन आणि एक. गजाननला आधीची दोन माहीत नव्हती, मारोतीला नंतरचं एक माहीत नव्हतं. तिन्ही टोपणं ज्याच्या ओठांना लागली, असा माणूस त्या गोदामामागे एकच होता.

मारोतीनंही तो विचार केला असणार, कारण तो एवढंच म्हणाला, "तुमाले समजलं ना?" आणि मी मान हलवल्यावर पुढे बोलू लागला. ते दोघं मिळून संतोषच्या आईकडे गेले होते, पुसदकडच्या गावात. म्हातारीनं कोर्टात बसून गजाननची साक्ष ऐकली होती. पोरगा तहानलेला गेला, हेच ती सात वर्षं धरून बसली होती. घरात शिरू देईना. गजाननच दाराबाहेरून सगळं बोलला, आणि मारोतीनं माझ्या पत्राचंही सांगितलं.

"मंग?"

"मंग तिनं इचारलं, पानी थंडं होतं का रे?" मारोतीनं हातातला ग्लास खाली ठेवला. "म्या म्हन्लं, होतं माय. फडकं गुंडाळलेली बाटली होती."

थोड्या वेळानं तो उठला, दाराशी थांबला. "आनखी एक इचारलं तिनं. तुमाले निरोप हाये. म्हने, त्या पोरीले हे कोनं सांगतलं?"

मी सांगितलं — मला माहीत नाही. तो म्हणाला, "एवढंच सांगू?"

एवढंच सांगा, म्हटलं. त्यानंतर मी खूप वाचलं, दोन ज्येष्ठ डॉक्टरांना विचारलं. दोघांनी दोन कारणं दिली, पण तिसरं टोपण कुठून आलं, हे एकालाही सांगता आलं नाही. त्या म्हातारीला मी आजही दुसरं उत्तर देऊ शकत नाही.