बारवेचा शब्द

१९७५ साल. मी तेहतीस वर्षांचा होतो आणि सोलापुरात एका दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात कामाला होतो. शाळा दुसरीपर्यंत. वॉर्डात सगळे मला मामा म्हणायचे, माझ्या बापाच्या वयाचे पेशंटसुद्धा. दवाखान्यात झाडलोट करणारा, पेशंट उचलणारा, तो मामाच.

त्या उन्हाळ्यात एक विणकर आला. पाठीवर, खांद्याच्या खाली, लिंबाएवढी गाठ. डॉक्टरलोकांनी आत पू आहे म्हणून उद्या कापायचं ठरवलं. मी त्याची पाठ पुसत होतो, तर कातडीखाली सुतळीसारखं वळण बोटाला लागलं. ते माझ्या ओळखीचं होतं. नारू. पाण्यातनं पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत होऊन कातडी फोडतो. बहुतेक पायातनं निघतो. पाठीतनं निघणारा मीही एकदाच बघितला होता.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर होता, पुण्याकडचा. त्याला मी सांगितलं, कापू नका, आत तुटला तर माणूस सडंल. बाकीचे हसले. तो हसला नाही. म्हणाला, "एक दिवस देतो मामा. दाखवा."

मी ओलं फडकं ठेवून बसलो. दुसऱ्या दिवशी फोड फुटला आणि नारूचं तोंड दिसलं. काडीला गुंडाळून रोज दोन बोटं, जास्त नाही. ओढायचं नसतं, तो सुटेल तेवढाच घ्यायचा. हे मला आईनं शिकवलेलं. सतराव्या दिवशी सबंध नारू निघाला. डॉक्टरनं तो बाटलीत घातला आणि रोज माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायला लागला. मी सांगायचो, तो लिहायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. शिकलेला माणूस माझं ऐकतोय म्हणजे काय.

विणकर मागल्या उन्हाळ्यात आमच्याच गावच्या जत्रेला लुगडी विकायला आला होता आणि आठ दिवस तिथलं पाणी प्याला होता. गावाचं नाव मी हितंही सांगत नाही. नारूचं गाव म्हटलं की पोरींना स्थळं येत नाहीत.

गावाला पाणी एकच, पायऱ्यांची बारव. बाया पाण्यात घोट्याएवढ्या उतरून घागरी भरायच्या. ज्याच्या पायातनं नारू निघालेला, तोही तिथंच उतरायचा, आणि त्याच्यातलं बी पाण्यात पडायचं. तळाच्या पायरीला कोनाड्यात आसरा होत्या, पाण्याच्या देवता. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा बाहेर पडली की त्यांनाच कुंकू लावायची. डॉक्टर म्हणाला, गाव दाखवा. मी म्हणालो, दाखवीन, पण बारवेला हात लावायचा नाही.

तो म्हणाला, "शब्द देतो, मामा. एक वर्ष लोकांना पाणी गाळून प्यायला सांगू. नुसत्या गाळण्यानं नारू जातो का, हेच मला बघायचंय."

माझ्या जिवाला ते पटलं. गाव मात्र ऐकेना. पाराच्या कट्ट्यावर एक म्हातारी मला म्हणाली, "दवाखान्याची भांडी घासून डॉक्टर झालास व्हय रं?" सगळे हसले. डॉक्टरनं बारवेचं पाणी पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरलं. बारीक ठिपके उड्या मारत होते, नारूचं बी पोटात घेऊन फिरणारे पाण्यातले किडे. मग तेच पाणी चौपदरी लुगड्याच्या फडक्यातनं गाळून दाखवलं. हसणं थांबलं. तरी माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, उभा राहून बोलला, "उद्या बारव बंद करायला सरकार आलं तर?"

"न्हाई येणार," मी म्हणालो. "ह्याचा शब्द हाय, आन् माझा बी हाय."

गाव माझ्या शब्दावर तयार झालं. आईनं घरोघर फडकी वाटली. ज्या घरात गाळत नसतील त्या घरात ती उंबऱ्यावर बसून राहायची. महिन्यातनं एकदा मी यष्टीनं जाऊन बघून यायचो आणि कोण गाळतं, कोण चुकवतं, ते डॉक्टरला सांगायचो. नारू वर्षानं निघतो, त्यामुळं काय झालं ते पुढच्या उन्हाळ्यातच कळणार होतं.

पुढचा उन्हाळा यायच्या आत दादा वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला. चपला हातात. मी त्याला पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. चार दिवसांपूर्वी सरकारची माणसं आली होती. पहारी लावून बारवेच्या पायऱ्या फोडल्या, दगड आतच ढकलले, वर काँक्रीट टाकून पोहऱ्यापुरतं तोंड ठेवलं आणि दोर ओढायला लोखंडी चाक बसवलं. आसरा दगडाखाली गेल्या. साहेबाच्या हातात कागद होता, त्यावर आमच्या डॉक्टरची सही.

"आईच्यानं दोर ओढवत न्हाई," दादा म्हणाला. "लोक तिला बोलत न्हाईत, आमालाबी न्हाईत. तूच आनलास त्याला. आता गावाकडं येऊ नगंस."

तो गेला तसा मी डॉक्टरच्या खोलीत गेलो. तो ट्रंक भरत होता, पुण्याला मोठ्या जागेवर चालला होता. मला बघून खूश झाला. म्हणाला, मामा, तुमच्या गावचं काम झालं, आता नारू परत नाही.

मी विचारलं, "शब्द दिला होता का न्हाई?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "दिला होता. पण वरून रिपोर्ट लवकर मागितला. फडक्याचा काही पुरावा नव्हता, मामा. बारवेची विहीर केली, हे लिहिता येत होतं."

"पुरावा दोन महिन्यांवर आला होता की."

तो ट्रंकेकडं वळला. आतनं रिपोर्टचे कागद काढून मला दाखवायला लागला, त्यात काडीला नारू गुंडाळणाऱ्या हाताचा फोटो, माझाच हात. मी बघितला नाही. मला वाचता येत नाही एवढं, आणि हात मला रोज दिसतो.

नारू आमच्या गावातनं गेला. हे मी कबूल करतो, न करून सांगू कुणाला. पण फडक्यानं गेला का पायऱ्या फोडल्यानं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आई उंबऱ्या-उंबऱ्यावर बसली, ते कुठल्याच कागदात नाही. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, असं पुढं मला कितीकजणांनी सांगितलं. वाईट माणसानं फसवलं असतं तर मी केव्हाच विसरलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा न सांगता पहिल्या यष्टीनं गावाला गेलो. घरी गेलोच नाही. थेट बारवेवर गेलो, सदरा काढून काँक्रीटवर ठेवला आणि चाकावरचा दोर हातात घेतला. बाया आल्या, थबकल्या. मी पहिला पोहरा वर ओढला आणि पुढं दिसली त्या घागरीत ओतला. घागरी ठेवत गेल्या, मी भरत गेलो. आई आली ती सगळ्यांच्या मागं, आपला नंबर येईपर्यंत उन्हात उभी राहिली. तिची घागर भरून मी तिच्या डोक्यावर चढवली आणि मागच्या बाईची घ्यायला हात पुढं केला.